म्हैसमाळ गाठताना : अजिंठा रांगेच्या पदयात्रेची सुरुवात

अजिंठ्याची डोंगररांग पायी करायची तर सुरुवात छत्रपती संभाजीनगरजवळच्या म्हैसमाळच्या पठारावरूनच करायची, हे आमच्या गटात आधीपासून ठरलेलं होतं. ही काही खुणा लावलेली, आखीव वाट नाही. म्हैसमाळहून वायव्येला पितळखोऱ्याची लेणी, गौताळ्याचं जंगल गाठायचं आणि तिथून रांगेच्या कडेकडेनं पूर्वेला अंतूर, वेताळवाडी हे किल्ले करत अजिंठ्याला पोचायचं. मधल्या वाटा गावकऱ्यांना विचारत काढायच्या. त्या सगळ्याबद्दल लिहायला खूप आहे, पण निघू पाहणारे आधी विचारतात ते वर पोचायचं कसं आणि कधी, म्हणून आज तेवढंच.

म्हैसमाळच का? छत्रपती संभाजीनगर शहर साधारण 570 मीटर उंचीवर आहे आणि म्हैसमाळचं पठार सुमारे 1067 मीटरवर. म्हणजे चाळीसेक किलोमीटरच्या आत आपण पाचशे मीटर वर येतो. पण माझ्या लेखी खरं कारण पाण्याचं आहे. गिरिजा नदी इथून निघते, फुलंब्रीकडे जाते, पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. पुढे रांगेच्या उत्तर कड्यावर गेलात की पावसाचं पाणी खाली खानदेशात, तापीकडे धावतं. वाघूर नदी तशीच तापीला जाते. एवढं लक्षात असलं की पुढचा ओढा कोणत्या अंगाला सापडेल, याचा अंदाज आपोआप यायला लागतो.

शहरातून मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद किंवा वेरूळकडे जाणारी एसटी घ्या. कन्नड-धुळ्याकडच्या सगळ्याच गाड्या खुलताबादमार्गे जात नाहीत, तेव्हा कंडक्टरला विचारूनच चढा. खुलताबाद साधारण 25 किलोमीटर. वाटेत दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या तटातल्या जुन्या दरवाजातून जातो आणि सुटीच्या दिवशी तिथं गाड्या हमखास अडकतात. पावसाळ्यातल्या रविवारी तर निघूच नका. वेरूळ, देवगिरी, म्हैसमाळ, सगळ्यांची गर्दी या एकाच रस्त्यावर असते. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी हजारो माणसं शहरातून रात्रभर पायी येतात. त्या रात्री वाहनानं जायचा विचार सोडा. पायी जायची तयारी असेल तर मात्र याहून चांगली सोबत नाही. ठिकठिकाणी चहा-फराळ वाटणारे उभे असतात, आणि लेकरांना खांद्यावर घेतलेली माणसं आपल्यापेक्षा झपाझप चालतात.

खुलताबादहून म्हैसमाळ बाराएक किलोमीटर. रस्ता डांबरी आहे, खासगी गाडी थेट वर जाते. तरी मी आग्रहानं सांगेन की हे बारा किलोमीटर पाठीवर पूर्ण सामान घेऊन चालत जा. पुढच्या मुक्कामांत जे ओझं वाहायचं आहे ते खांद्याला कुठं रुततं, बूट कुठं चावतो, हे इथंच कळतं, आणि काही नको असेल तर परत पाठवायला खाली बस आहे. गौताळ्याच्या जंगलात ती सोय नाही. आमच्यातल्या एकानं जाडजूड तंबूचा अर्धा पसारा इथूनच घरी पाठवला आणि पुढे सगळी वाट सुखानं चालला.

खुलताबाद सोडलं की थोड्या वेळात शूलिभंजनचा फाटा येतो. संत एकनाथांनी जिथं तप केलं असं मानतात, ते दत्ताचं ठिकाण वर टेकडीवर आहे. वेळ असेल तर वाकडी वाट करून जाऊन या, टेकडीवर वारा छान असतो. त्यानंतर रस्ता वळणं घेत चढतो. दिवाळीच्या आसपास गेलात तर दोन्ही अंगांना सीताफळाची झाडं आणि टोपल्या घेऊन बसलेल्या बाया दिसतील. डोळे मोठे झालेलं, देठाशी जरा मऊ लागणारं फळ घ्या, तेच त्या दिवशी खाण्याजोगं असतं. एक आजी आमच्या पाठीवरची ओझी बघून म्हणाल्या, "गाडी असून पायी कामून चालले रे?" अजिंठ्यापर्यंत जायचंय म्हटल्यावर त्यांनी दोन फळं वरून टाकली आणि बजावलं, "उन्हाळ्यात नका येऊ बाबांनो, ओढे कोरडे पडतात."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. फेब्रुवारी उलटला की रांगेवर पाण्याचे वांधे होतात. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवाई डोळ्यांत मावत नाही, पण पठारावर धुकं इतकं दाट उतरतं की कडा कुठं संपतो ते दिसत नाही, आणि काळ्या दगडावर शेवाळ असतं. नोव्हेंबर ते जानेवारी हाच लांबच्या चालीचा काळ. तेव्हा गवत पिकून कुसळं धरलेली असतात, ती मोज्यात शिरून पाय सोलतात. पूर्ण पायघोळ पँट घाला आणि मोज्यांवर घोट्याभोवती कापडाची पट्टी गुंडाळा. त्या पट्टीनं आम्हाला खूप वाचवलं.

वर पोचल्याची खूण म्हणजे दूरदर्शनचा मनोरा. तो बराच लांबून दिसतो, त्यामुळं पठारावर दिशा चुकत नाही. गिरिजामातेचं देऊळ जुनं, बालाजीचं नवं. दिवे लागायच्या आत पोचा. राहण्याची सोय आधी फोनवर पक्की करा. आठवड्याच्या मधल्या दिवशी जेवणाचं सांगून ठेवावं लागतं, ऐनवेळी चूल पेटत नाही. आम्हाला पिठलं, बाजरीची भाकर आणि खरडा मिळाला, आणि सकाळसाठी आणखी भाकरी बांधून घेतल्या. थंडीत रात्री वारा चांगलाच झोंबतो, एक जाड चादर हवीच.

पुढे गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य आहे, 1986 साली घोषित झालेलं. त्यात शिरायला आणि मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते. ती कन्नडला पोचून बघू असं म्हणू नका, घरून निघण्याआधीच हातात घ्या. बिबटे तिथं आहेतच, आणि 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत या जंगलात आला होता. त्यामुळं अंधारात चालणं नाही, एकट्यानं तर मुळीच नाही.

म्हैसमाळहून सकाळी उजाडताच निघा. प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी गावातूनच भरून घ्या आणि वेरूळच्या बाजूला उतरायची पायवाट गुराख्याला विचारा. मोबाइलच्या नकाशात दिसणाऱ्या काही वाटा कड्यावर नेऊन सोडतात. वेरूळची 34 लेणी पाहण्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवा. मंगळवारी ती बंद असतात, त्या हिशेबानंच निघण्याचा वार ठरवा.