मूस फॅक्टरीला जाताना: आधी नदीची चौकशी

मूस फॅक्टरी हे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात, जेम्स उपसागराच्या साधारण २० किलोमीटर अलीकडे मूस नदीत असलेलं बेट. इथे कारखाना शोधू नका. ही ‘फॅक्टरी’ म्हणजे वखार, इंग्रजांची सुरतेला आणि राजापूरला होती तशीच. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे या इंग्रज कंपनीने ती १६७३ मध्ये घातली. आज बेटावर मूस क्री या इथल्या मूळ रहिवाशांची वस्ती आहे. बारमाही रस्ता इथपर्यंत पोचत नाही.

टोरांटोहून कॉक्रेनपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर गाडी चालवा आणि ती तिथेच ठेवा. पुढे ‘पोलर बेअर एक्स्प्रेस’ पाच तासांत ३०० किलोमीटर तोडून समोरच्या तीरावरच्या मूसनीला सोडते. हा लोहमार्ग १९३२ पासूनचा. जंगलात मध्येच कुणी हात दाखवला तरी गाडी थांबते, त्यामुळे वेळेचा फार काटेकोर हिशेब करू नका. ती रोज नसते, म्हणून परतीचा वार बघूनच तिकीट काढा. त्याच दिवशी परतायचं म्हटलं तर हातात तीनेक तासच उरतात आणि त्यातले बरेच नदी ओलांडण्यात जातात. एक मुक्काम हवाच.

मूसनी स्टेशनवरून धक्क्यापर्यंत चालत जाता येतं. उन्हाळ्यात तिथून बोट-टॅक्सी मिळते. ती म्हणजे इंजिन लावलेली लांब, उघडी होडी. रोख पैसे जवळ ठेवा, लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि जुलै असला तरी वारा अडवणारं जाकीट घाला. समुद्राची भरती इथपर्यंत येते. सुकतीला वाळूचे दांडे वर येतात, इंजिनाचा पंखा घासतो, मग होडीवाला लांबच्या वाटेने नेतो. गाडी गाठायची असेल तर तासभर आधी बेट सोडा.

साधारण जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत याच नदीवरून मोटारी धावतात. स्वच्छ, निळसर बर्फाची जाडी चालायला किमान १० सेंटिमीटर आणि छोट्या मोटारीला २० ते ३० लागते. पांढऱ्या, भुसभुशीत बर्फाची ताकद त्याच्या निम्मीच धरायची. धोका काठाजवळ जास्त: भरतीबरोबर बर्फ वर-खाली होतो, कडेला भेगा पडतात आणि त्यांतून पाणी वर येऊन राड होते. मोटार जोरात नेली तर बर्फाखाली लाट उठते आणि काठाशी बर्फ फुटतो. म्हणून गाडी हळू न्यायची, आणि बर्फ फुटलाच तर चटकन बाहेर पडता यावं यासाठी सीटबेल्ट काढायचा, काच थोडी उघडी ठेवायची. नवख्याने आखलेली वाट सोडून पाऊल टाकू नये, स्थानिक टॅक्सीनेच जावं.

सगळ्यात अवघड काळ दोन: बर्फ धरतानाचा, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर, आणि फुटतानाचा, म्हणजे एप्रिलअखेर ते मे. तेव्हा होडीही नाही, मोटारही नाही. उरतं ते फक्त हेलिकॉप्टर. त्यात सामान मोजकंच नेता येतं आणि धुकं आलं की तेही थांबतं. ही नदी उत्तरेला वाहते. त्यामुळे दक्षिणेकडचा, उगमाच्या बाजूचा बर्फ आधी वितळतो, मुखाकडचा मात्र अजून घट्ट असतो. तुकडे येऊन अडकतात, बांध तयार होतो आणि पाणी वस्तीत शिरतं. त्याच सुमारास रानहंसांची (इंग्रजीत ‘गूज’, ‘स्वान’ नव्हे) शिकार असते. कुटुंबंच्या कुटुंबं रानात जातात, कामं मंदावतात. पाहुण्यांनी हे आठवडे टाळावेत. गावाला तेव्हा स्वतःचं पुष्कळ असतं.

ताजी भाजी लांबून येते, म्हणून महाग पडते. शाकाहारी मंडळींनी पोहे, डाळ, सुका मेवा सोबत न्यावा. दारूबाबतचे नियम मुक्काम ठरवतानाच विचारून घ्या. इथली निवासी शाळा १९७६ पर्यंत चालू होती. क्री मुलांना घरापासून तोडून तिथे ठेवलं जाई. त्यातून गेलेली माणसं आजही आहेत, तेव्हा तो विषय आपणहून काढू नका आणि विचारल्याशिवाय कुणाचा फोटो घेऊ नका.

जून-जुलैत डास आणि काळ्या माश्या असतात. माश्या कॉलरखाली आणि केसांच्या कडेला चावतात. डोक्यावर जाळी, फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोज्यांत खोचलेली पँट एवढं पुरतं. ऑगस्टअखेर त्या कमी होतात आणि होड्या चालूच असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तेच दिवस धरावेत.