आईच्या थायरॉइडची गोळी

आईला चौऱ्याहत्तरावे वर्ष लागले तेव्हा तिचा आवाज घोगरा झाला होता, बद्धकोष्ठता वाढली होती आणि भर उन्हाळ्यातही ती अंगावर पांघरूण घेऊन बसत असे. विसराळूपणाही त्यात होताच. हे सारे आम्ही वयाच्या नावावर टाकून मोकळे झालो आणि त्यात काही महिने वाया गेले, याची मला आजही खंत आहे.

रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारे आणि ती मंदावली की वाढणारे संप्रेरक, ३८ इतके जास्त आले आणि फ्री टी-४, म्हणजे ही ग्रंथी स्वतः तयार करते ते संप्रेरक, कमी होते. डॉक्टरांनी सांगितले की वयोमानाने टीएसएच थोडे वाढतेच, त्यामुळे केवळ तेच किंचित वाढलेले असते तर औषध न देता पुन्हा तपासले असते. आईच्या बाबतीत मात्र थायरॉइड ग्रंथीचे काम खरोखरच मंदावले होते. तिला हृदयविकार असल्याने लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची उणीव भरून काढणाऱ्या गोळीची, सुरुवात अवघ्या २५ मायक्रोग्रॅमने झाली, कारण एकदम मोठी मात्रा दिल्यास हृदयावर ताण येऊन छातीत दुखू शकते. हे औषध शरीरात स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर सहा ते आठ आठवडे थांबूनच तपासणी करायची होती. ते थांबणे मला फार जड गेले.

मात्रा ५० मायक्रोग्रॅमवर गेल्यानंतरही टीएसएच १९ च्या खाली येईना. मात्रा आणखी वाढवण्याआधी डॉक्टरांनी घरातली सगळी औषधे घेऊन यायला सांगितले. मी आईचा गोळ्यांचा डबा त्यांच्यासमोर उघडला, तेव्हा सकाळच्या कप्प्यात थायरॉइडच्या इवल्याशा गोळीला खेटून कॅल्शियमची जाडजूड गोळी बसलेली होती. तो कप्पा दर रविवारी मीच भरत असे. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडचे औषध आतड्यात नीट शोषले जाऊ देत नाहीत. त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत किमान चार तासांचे अंतर हवे, हे मला तेव्हा कळले. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर गेले, थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर आणि न्याहारी त्यानंतर तासाभराने, असे ठरले.

मात्रा तीच ठेवूनही पुढच्या तपासणीत टीएसएच ५.२ आले. अहवालावरच्या मर्यादेपेक्षा ते किंचित जास्त दिसत होते, म्हणून मी गोळी वाढवण्याचा आग्रह धरला. सत्तरीपुढे ४ ते ६ चालते, उलट औषध जास्त झाल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात, असे डॉक्टरांनी शांतपणे समजावले आणि मला ते पटले.

आईचा आवाज हळूहळू मोकळा झाला. पांघरूण आता घडी घालून पायथ्याशी असते, आणि रविवारी डबा भरताना ती स्वतः शेजारी बसून कप्पे तपासते.