हात कोणापुढे जोडले

शनिवार, मध्यरात्र उलटून गेली.

आईने नव्या पीसीच्या काचेवर हळदीकुंकवाचं बोट ओढलं, त्याचं मला काहीच वाटलं नाही. ती फ्रिजला लावते, स्वातीच्या स्कूटरला लावते, नवी शेगडी आली तेव्हा शेगडीलाही लावलं होतं. मला झोप येत नाहीये ती माझ्याच हातांमुळे.

संध्याकाळी पहिल्यांदा बटण दाबलं. पंखे फिरले, मॉनिटरवर 'नो सिग्नल' आलं आणि मदरबोर्डच्या कोपऱ्यात डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, पिवळा दिवा लागला तो लागलाच. असं होणार हे मला पक्कं माहीत होतं. डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम पहिल्यांदा चालू होते तेव्हा बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतो. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या एकेका लाइनवर सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा, व्होल्टेज किती धरायचं, हे तो चाचपत जातो. वाचून बघतो, चुकलं की किंचित सरकवतो, आणि वाचन खात्रीने बरोबर येईल अशी जागा मिळाली की तिथे थांबतो. यात काही मिनिटंही जातात. तोवर पडदा काळा. मध्येच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून. हे मीच कितीतरी जणांना फोनवर सांगितलंय, "पिवळा दिवा आहे ना? मग घाबरू नका, थांबा."

आणि तो दिवा जळत असताना मी डोळे मिटून, हात जोडून उभा होतो.

आईने बघितलं. बोलली काही नाही. बायोसचा, म्हणजे यंत्र जागं झाल्याचा, पहिला पडदा आला तेव्हा मात्र "पावला गं बाई गजानन" म्हणाली आणि कुकर लावायला गेली. तेव्हा मला तिचा राग आला. दुपारभर मान मोडून जोडायचं मी, आणि... असो. राग तिच्यावर नव्हताच. तिने काय माझे हात धरून जोडले होते?

मी कोण, हे मन्याला विचारावं. कॉलेजात आम्ही दोघं अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, शिबिरांना जायचो. पोटॅशियम परमँगनेटवर तूप म्हणून ग्लिसरीन ओतायचं आणि मंत्राने होम पेटला म्हणून गर्दीला दाखवायचं, मग त्यामागचं रसायन समजावून सांगायचं, हा प्रयोग माझ्याकडे असायचा. २० ऑगस्ट २०१३ ला डॉक्टर दाभोलकरांना ओंकारेश्वरापाशी पुलावर गोळ्या घातल्या, त्या दिवशी मन्याचा फोन आला आणि दोघांनाही काही बोलता आलं नाही. त्यावर आजही लिहवत नाही. डॉक्टरांचं भांडण देव मानणाऱ्यांशी नव्हतं, देवाच्या नावाने लुबाडणाऱ्यांशी होतं, हे मला ठाऊक आहे. त्या हिशेबाने मी आज काही वावगं केलेलं नाही. कोणी लुबाडलं नाही, कोणाचं नुकसान झालं नाही. तरी आतून बरं वाटत नाही. कारण प्रश्न वावगं-बरोबरचा नाहीच. मी देव मानत नाही, मग हात कोणापुढे जोडले?

जेवताना स्वाती म्हणाली, "पैशापुढे." ती सहज बोलली, पण मला ते लागलं. या वेळी रॅम प्रोसेसरपेक्षा महाग पडली. आयुष्यात असं बिल मी पाहिलं नव्हतं. दुकानातल्याने भाव सांगितला आणि वर म्हणाला, "उद्या आलात तर यातही मिळणार नाही." बदलून मिळेल का विचारलं तर मान हलवली, ती हो होती की नाही हे अजून कळलेलं नाही. त्या दोन पट्ट्या खाचेत दाबताना बोटांना घाम आला होता. खटका बसल्याचा आवाज आला तरी मी पुन्हा दाबून पाहिलं.

दोष त्या दुकानदाराचा नाही. जगातली बहुतेक सगळी डीरॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. तिघींचं लक्ष आता एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या एचबीएमवर आहे. एचबीएम म्हणजे मेमरीच्या चकत्या एकावर एक रचून केलेली महागडी मेमरी. तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५ पेक्षा तिला साधारण तिप्पट वेफर, म्हणजे चिप ज्यांवर घडवतात त्या सिलिकॉनच्या तबकड्या, लागतात. वेफर तेवढेच, म्हणजे तिकडे गेले ते इकडून गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा १९९६ पासूनचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरी बसून आपला पीसी आपण जोडणाऱ्यांसाठीचा ब्रँड होता तो. अण्णांच्या जुन्या पीसीत मी घातलेली पहिली पट्टी क्रुशलची. बातमी वाचली तेव्हा घरातलं कोणीतरी 'आता तुमचं तुम्ही बघा' म्हणून निघून गेल्यासारखं वाटलं. आपण कोणाच्या खिजगणतीत नाही. तपकीर गल्लीत रेझिस्टर आणि सोल्डरिंगची तार घेत वाढलेलं पोरगं, ज्याला वाटायचं की हा उद्योग आपल्यासारख्यांसाठीच चाललाय, त्याला आता कोणी विचारत नाही. आज दिवसभर हे मनात होतंच. बटण दाबताना हे सगळं त्या बोटात होतं.

तरी स्वातीचं उत्तर पुरत नाही. पैशाची भीती असती तर छातीत धडधडलं असतं, ते धडधडतही होतं. हात का जुळावेत?

डॉ. विजय भटकरांवर आम्ही किती चिडायचो ते आठवलं. सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था १९८८ साली निघाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ ला 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर जोडून केलेलं ते यंत्र आपल्या पुण्यात घडलं, याचा आम्हाला केवढा अभिमान. आणि तोच माणूस व्यासपीठावर विज्ञान आणि अध्यात्म एका दमात बोलायचा. मन्या म्हणायचा, एवढं कळणारा माणूस असं कसं बोलतो? त्यांचं सगळं म्हणणं मला आजही पटत नाही. पण कळण्याचा आणि हात जोडण्याचा आम्ही समजत होतो तसला उभा दावा नसावा, असं आज पहिल्यांदा वाटतंय. मेमरी ट्रेनिंगची पायरी न् पायरी मला माहीत होती. त्या माहितीने हातांना अडवलं नाही.

तैवानात तर हे उघड चालतं. माझा रायझन प्रोसेसर तिकडच्याच टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीत घडलेला. त्या देशात सर्व्हर आणि यंत्रांवर 'क्वाई क्वाई' नावाच्या मक्याच्या कुरकुरीत खाऊचं पाकीट ठेवायची पद्धत आहे. पाकीट हिरवंच हवं, कारण यंत्राचा हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळं, लाल चालत नाही. आणि त्यावरची तारीख उलटून गेलेली नको, ती उलटायच्या आत बदलायचं. हे करणारी माणसं त्या यंत्रांची नस न् नस जाणणारी आहेत. हिरव्या पाकिटातला खाऊ खोबऱ्याच्या चवीचा असतो, हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग नारळच की तो." तिच्या दृष्टीने विषय संपला.

माझ्या दृष्टीने नाही. मगाशी अंथरुणावर पडून एक छान उत्तर सुचलं होतं. माझ्या प्रोसेसरसारख्या चिपसाठी लागणारा ईयूव्ही, म्हणजे अतितीव्र अतिनील, प्रकाश मिळवताना सेकंदाला ५० हजार टिनचे थेंब सोडतात आणि प्रत्येक थेंबावर लेसरचे दोन वार करतात. एवढ्या सगळ्यामागे राबणाऱ्या हजारो अनोळखी माणसांना मी नमस्कार केला, असं ते उत्तर. लिहायला फार चांगलं वाटतं, पण खरं नाही. त्या क्षणी डोक्यात तैवान नव्हतं आणि टिनही नव्हतं. डोक्यात काहीच नव्हतं.

अण्णा आठवतात. तेही देवळात जात नसत. पण खंडेनवमीला त्यांचा लेथ म्हणजे बघण्यासारखा. आदल्या दिवशीच चक काढून धुतलेला, बेडवरचा किस खरवडून काढलेला, तेल दिलेलं. मग झेंडूची माळ, आणि हँडलला कोणी हात लावायचा नाही. मी एकदा विचारलं होतं, तुम्ही तर मानत नाही, मग हे? ते म्हणाले, "रोज माझं चालतं त्याच्यावर. एक दिवस नाही." पुढे काही बोलले नाहीत, आणि मी शिबिरातला असल्यामुळे पुढे ऐकूनही घेतलं नसतं.

आज त्यातलं थोडं कळल्यासारखं वाटतंय. दुपारपासून हातांना काम होतं. थर्मल पेस्ट, कूलरचे स्क्रू, केबली ओढून मागच्या बाजूला बांधणं. बटण दाबलं आणि काम संपलं. पुढचं सगळं त्या बोर्डाच्या हातात, आणि मला तर हातच लावायचा नव्हता. ज्या हातांना आता काहीच करता येत नव्हतं, ते जुळले. समोर कोणी होतं म्हणून नाही, माझं संपलं म्हणून. हे उत्तर पूर्ण आहे असं म्हणत नाही. पण निदान ते खोटं वाटत नाही, आणि त्याची लाजही वाटत नाही.

काचेवरचं बोट मी पुसणार नाही. स्वातीला ते कॅबिनेटवर बरं दिसत नाही, तिच्याशी बोलेन.

मन्याला मात्र उद्या सगळं सांगायचं आहे. तो चिडेल, दाभोलकरांचं नाव काढेल, मी थकलोय असंही म्हणेल. म्हणू दे. त्याने स्वतःच्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी थिएटरबाहेर काय केलं होतं, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही. उद्या विचारेन.