माझ्या जॅकेटचा निळा धागा

रॉटरडॅमला येऊन तिसरं वर्ष. ऑफिसात आत्तापर्यंत आलेलं सगळ्यात अवघड काम म्हणजे नदीकाठची ही इमारत: अर्ध्या भागात प्लॅस्टिक प्रदूषणाची लॅब, अर्ध्यात रिसायकलिंग. कागदावर जोडी झकास वाटते. पण ही दोन बिऱ्हाडं एकमेकांची वैरी आहेत, हे मला फ्लीसच्या जॅकेटमुळे कळलं.

आराखड्याला हात घालण्याआधी अशीच एक चालू लॅब बघायला गेले होते. बाहेर बोचरा वारा, म्हणून अंगात निळं फ्लीस. दारातच तिथल्या बाईंनी ते काढायला लावलं, सुती कोट दिला. मला वाटलं, उगाच कडक शिस्त. निघताना त्यांनी मायक्रोस्कोपखाली एक फिल्टर दाखवला. हवेतून काय पडतं ते कळावं म्हणून तो टेबलावर नुसता उघडा ठेवला होता. त्यावर निळा धागा, केसाहून बारीक, वेटोळं घालून बसलेला. माझाच! मानेला नाहीतर केसांना चिकटून आला असणार. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर, म्हणजे बाटलीचंच प्लॅस्टिक. 5 मिलिमीटरहून लहान तुकडे ते मायक्रोप्लॅस्टिक. नदीच्या पाण्यात ते शोधायला बसायचं आणि सापडायचं पाहुण्याचं जॅकेट!

आता आमच्या इमारतीतला शेजारचा, रिसायकलिंगचा हॉल. तिथे श्रेडर दिवसभर प्लॅस्टिक फाडणार, धूळ उडणार, जमीन हादरणार. धुलाईच्या टाकीत मात्र गंमत असते. टोपणांचं पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, बाटलीचं पीईटी बुडतं, निवडायचं काम पाणीच करतं. पण तेच पाणी बारीक कण घेऊन बाहेर पडतं. म्हणून मी गाळणीचा हौद आधी काढला, दर्शनी भाग नंतर. (बॉसला उलटं हवं होतं.)

इथला वारा बहुतेक नैऋत्येचा. म्हणून लॅब नैऋत्येला, श्रेडर ईशान्येला, मधे मोकळं अंगण. पायेही वेगळे, नाहीतर मायक्रोस्कोप थरथरेल. लॅबमधे गाळलेली हवा थोड्या जास्त दाबाने सोडायची, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची हवा आत शिरत नाही. कार्पेट नाही, सिंथेटिक पडदे नाहीत. भिंतीच्या रंगातही प्लॅस्टिक असतंच! त्यावर तोडगा असा की प्रत्येक रंगाचा नमुना लॅबकडे द्यायचा. उद्या नदीच्या पाण्यात तसा कण दिसला, तर तो भिंतीचाच का, हे ताडून बघता येईल.

क्लायंटला आता दर्शनी भागावर रिसायकल केलेल्या प्लॅस्टिकचे पॅनल हवेत. उन्हाने ते ठिसूळ होणार, भुगा गळणार, आणि तोही लॅबच्या खिडकीशी. पुढच्या मीटिंगला मी त्या फिल्टरचा फोटो घेऊन जाणार आहे. सुती कपड्यांत.