पालथी वाटी

लालबागमधील आमची चाळ लाकडी टेकूंवर उभी आहे, आणि निम्म्या खोल्यांना कुलपे लागल्यापासून सामाईक गॅलरीत माझ्या व शेजारच्या काकूंच्याच दाराची काय ती उघडझाप होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर त्यांचे यजमान गावी गेले ते तिकडचेच झाले, एवढेच त्यांनी एकदा, तेही नळावर हंडा भरताना, सांगितले होते. मधली भिंत फळ्यांची असल्याने रात्री त्यांचा रेडिओ, खोकला आणि नंतरची शांतता मला ऐकू येते. माझेही त्यांना ऐकू जात असणार. परवा त्यांनी वाटीभर शिरा दिला. वाटी रिकामी परत करू नये म्हणतात. साखर घालूनही चालले असते, पण मग त्यांची कडी वाजवायला निमित्त उरणार नाही, म्हणून ती धुऊन ओट्यावर पालथी ठेवली आहे.