नॅटच्या पंखातली फट

१९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांना भिडलेलं आपलं चिमुकलं लढाऊ विमान नॅट! त्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल जोडत होतो. १:७२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शात, त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेनऊ सेंटिमीटरसुद्धा भरत नाहीत. पण उजवा पंख धडाला नीट बसेचना; मुळाशी पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. नुसती पुट्टी भरायचा मोह आवरला. प्लॅस्टिकची पातळ पट्टी कापून फटीत बसवली, प्लॅस्टिक जोडायचं सिमेंट सोडलं, रात्रभर सुकू दिलं आणि सकाळी वॉटर पेपरने घासलं. चंदेरी रंग केसाएवढा ओरखडाही लपवत नाही, म्हणून आधी चकचकीत काळ्याचा हात दिला. सांध्याची रेघ पुन्हा दिसली! परत घासलं, परत काळा. तिसऱ्या खेपेला चंदेरी मारला आणि पंख धडातूनच उगवल्यासारखा दिसला. कितीतरी वेळ त्या सांध्यावरून बोट फिरवत बसलो.