जुन्या महिंद्रा पिकअपचे शॉकअप, नोंद ३: बंद लांबीवर अडलेली निवड

गाडी तीच: जीपच्या चेसीवरचा जुना पिकअप, पुढेमागे सलग अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग). पाट्यांचे पिन-बुश, शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारा हलता दुवा) आणि यू बोल्ट आधीच्या नोंदींमध्ये उरकले आहेत. तो क्रम मुद्दाम ठेवला. शॅकलचे बुश गेलेले असताना नवे शॉकअप घातले तर खडखड तशीच राहते आणि बोल मात्र नव्या शॉकअपला लागतो.

जुने शॉकअप गेलेत हे ठरवायला कोपरा दाबून झोके मोजण्याची पद्धत पाट्यांच्या गाडीवर चालत नाही. पाटे एकमेकांवर घासतात आणि ते घर्षणच गाडीला थांबवतं, त्यामुळे मेलेला शॉकअपही पास होतो. त्यापेक्षा खराब रस्त्यावर दहा किलोमीटर चालवून चारही नळ्यांना हात लावावा. काम करणारा शॉकअप कोमट लागतो, थंड राहिलेला काम करत नाही. इथे मागचे दोन्ही थंड होते. पुढचा डावा कोमट होता, पण सीलखालून तेलाचा ओघळ नळीच्या अर्ध्यापर्यंत आला होता. सीलजवळ नुसता ओलसर थर असेल तर घाबरायचं कारण नाही, ओघळ आलेला शॉकअप मात्र निकालात काढायचा.

आता मापं. दुकानात ‘अमुक मॉडेलचा द्या’ म्हणून भागत नाही, कारण एवढ्या जुन्या गाडीत कोणी जादा पाटा घातलेला असतो, कोणी बॉडी बांधताना ब्रॅकेट सरकवलेलं असतं. मागच्या बाजूला, रिकामी गाडी सपाट जागेवर उभी असताना, वरच्या पिनेच्या मध्यापासून खालच्या पिनेच्या मध्यापर्यंत ४२५ मिमी. मग चेसी स्टँडवर घेतली, शॉकअप काढले आणि अ‍ॅक्सल लोंबकळू दिला: ५०५ मिमी. हे करताना जॅक अ‍ॅक्सलखाली ठेवून हळूहळू उतरवावा आणि ब्रेकच्या रबरी नळीवर डोळा ठेवावा. जुना शॉकअपच कित्येकदा अ‍ॅक्सलला खाली अडवत असतो; तो निघाला की ताण थेट त्या नळीवर येतो.

सर्वांत कमी लांबी हिशेबाने काढली. अ‍ॅक्सल आणि बंप रबर (अ‍ॅक्सल वर येऊन चेसीवर आपटू नये म्हणून बसवलेलं रबर) यांत ८० मिमी अंतर, रबर ४० मिमी उंच, ते निम्मं दबतं असं धरलं, म्हणजे अ‍ॅक्सल १०० मिमी वर येणार. शॉकअप उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला आहे, म्हणून १०० × ०.८७ = ८७. ४२५ मधून ८७ गेले, राहिले ३३८. वर येताना कोन बदलतो, म्हणून दोन्ही टोकांना सुमारे १५ मिमी मोकळे ठेवले. म्हणजे शॉकअप उघडा ५२० मिमी आणि बंद ३२० मिमीच्या आसपास हवा, स्ट्रोक (रॉडची एकूण ये-जा) २००.

इथेच मोनोट्यूब (एकाच नळीचा, जास्त दाबाच्या गॅसचा शॉकअप) बाद झाला. शॉकअपच्या बंद लांबीत स्ट्रोकशिवाय डोळे (टोकांच्या, पिनेवर बसणाऱ्या कड्या), सील, पिस्टन, झडप यांची ‘मेलेली’ लांबी असते. समोर ठेवलेल्या ट्विन ट्यूबमध्ये (नळीत नळी असलेल्या शॉकअपमध्ये) ती १२० मिमी, मोनोट्यूबमध्ये १५० होती, कारण त्यात गॅसचा कप्पा आणि तरंगता पिस्टन तेलाच्याच रेषेत बसतात. २०० अधिक १५० म्हणजे बंद लांबी ३५०. गाडीत सर्वांत कमी लांबी ३३८. असा शॉकअप बंप रबर पुरतं दबण्याआधी स्वतःच टेकतो आणि मोठ्या खड्ड्यात ब्रॅकेटचं वेल्डिंग किंवा डोळा तुटतो. लोक मग ‘माल हलका निघाला’ म्हणतात. माल बरा असतो, माप चुकलेलं असतं.

मोनोट्यूबचा दुसरा मुद्दा रिकाम्या गाडीला जाणवतो. आत २५ बार दाब आणि १४ मिमीचा रॉड असेल तर रॉड सतत सुमारे ३९ किलोच्या जोराने बाहेर ढकलला जातो. मागे असे दोन, म्हणजे रिकामी गाडी मागून थोडी उचललेली राहते. भरलेल्या गाडीत ते कळतही नाही.

कडकपणावर मात्र मत सहज जुळत नाही. एका मागच्या चाकावर रिकामे २५० किलो आणि भरल्यावर ७५० किलो धरले, तर त्याच पाट्यांवर लागणारं क्रिटिकल डॅम्पिंग (झोका न येता थांबायला लागणारा किमान रोध) वर्गमूळ तीन, म्हणजे १.७३ पट होतं. रिकाम्या गाडीला ०.३५ गुणोत्तर (क्रिटिकलच्या ०.३५ पट रोध) देणारा शॉकअप भरल्यावर ०.२० वर येतो. मदतनीस पाटा (भार वाढल्यावरच टेकणारा जादा पाटा) टेकला की आणखी खाली. उलट, भाराच्या हिशेबाने रिबाउंड (शॉकअप उघडतानाचा रोध) घट्ट घेतला तर रिकामी गाडी ओळीने आलेल्या रंबलरवर खाली खाली बसत जाते, कारण पाट्याला पुन्हा उघडायला वेळच मिळत नाही. ही गाडी बहुतेक वेळा अर्ध्या भाराने फिरते, म्हणून मधली निवड: ३५ मिमी पिस्टनचा, कमी दाबाच्या गॅसचा ट्विन ट्यूब. जुन्यात २५ मिमीचा पिस्टन होता. क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झाल्याने तेवढ्याच जोराला आतला दाब निम्मा लागतो आणि तेलही जास्त मावतं.

ब्रॅकेट हलवायचा मोह होत असेल तर कोन आधी मोजा. चाकापाशी मिळणारा परिणाम कोसाइनच्या वर्गाने घटतो: ३० अंशांना ७५ टक्के, ४५ अंशांना निम्मा.

पुढच्या चाकांच्या शॉकअपना फारसा विचार लागला नाही. उभी ३३०, लोंबती ४००, दबलेली २८५. घेतला ४२० उघडा, २७० बंद.

बसवण्याआधी ट्विन ट्यूब उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढून दाबला. आडवा पडून राहिला की हवा आतल्या नळीत शिरते आणि पहिला काही प्रवास बिनविरोध जातो. पिन व्हर्नियरने मोजा: १६ मिमी आणि पाच-अष्टमांश इंच यांत जेमतेम ०.१२ मिमी फरक आहे, तो चालतो. १४ मिमीच्या पिनेवर १६ चा बुश मात्र आठवड्यात अंडाकृती होतो. नट वायसर रबराला नीट दाबेपर्यंतच आवळला आणि लॉकपिन घातली. आत लोखंडी स्लीव्ह असलेला बुश असेल तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून फाटतं. गंजलेला नट सोडवायला गॅसच्या शॉकअपजवळ ज्योत नेऊ नये, नळी फुटते.

तपासणीसाठी दोन्ही मागच्या बंप रबरांवर शाडूचा गोळा चिकटवला आणि ५०० किलो वाळूची पोती भरून ६० किलोमीटर फिरवली. दोन्ही गोळे चपटे झाले, म्हणजे अ‍ॅक्सल रबरापर्यंत पोचला. शॉकअपच्या डोळ्यांवर आणि ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर खूण नाही. डाव्या गोळ्याचा थर उजव्यापेक्षा पातळ आहे. डावीकडे डिझेलची टाकी आहे, तरी पाट्यांची कमान दोन्हीकडे मोजायची राहिली आहे.